रिसर्च करणाऱ्या पोरांना पेटंट एजंट बनवायचं तर आधी काय शिकवायचं?

निळी_शाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली.

थोडक्यात माझ्याबद्दल. केमिस्ट्रीत पीएचडी, मग पोस्टडॉकच्या वाटेला न जाता पेटंट एजंटची (दुसऱ्यांसाठी पेटंटचे अर्ज लिहिणारा आणि पेटंट ऑफिसात लढवणारा) परीक्षा दिली, सहा वर्षं एका फर्ममध्ये ड्राफ्टिंग केलं, म्हणजे अर्ज लिहिले, आणि आता एका संशोधन संस्थेच्या आयपी (बौद्धिक संपदा) सेलमध्ये आहे. गेल्या वर्षी वरून फर्मान आलं की एमटेक आणि पीएचडीच्या मुलांसाठी संध्याकाळची बॅच काढा, त्यातून पेटंट एजंट तयार करा. बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा. चौदा आले, नऊ टिकले. त्याचं मला काही वाटलं नाही, रिअ‍ॅक्शन अर्धी टाकून क्लासला येता येत नाही हे मी पण भोगलंय.

पण शिकवण्यात मी माती खाल्ली. पहिले आठ आठवडे मी १९७०चा पेटंट कायदा कलमवार शिकवला. कलम ३ (कशाला पेटंट मिळत नाही ते) चं ए पासून पी पर्यंत सगळं, कलम ८, कलम २५ मधला विरोध पेटंट मंजूर व्हायच्या आधीचा आणि नंतरचा, फॉर्म १, फॉर्म २, मुदती, सगळं. पोरं हुशार, सराव परीक्षेत धडाधड उत्तरं देत होती आणि मी आपली खुशीत. अकराव्या आठवड्यात टेबलावर एक पाण्याची बाटली ठेवली, बटण दाबलं की झाकण उघडतं आणि तोटी वर येते ती, आणि म्हटलं याचा पहिला क्लेम लिहा, म्हणजे आपला हक्क नेमका कशावर ते ठरवणारं अर्जातलं वाक्य. चाळीस मिनिटं.

एकाने लिहिलं, "ही बाटली अत्यंत उपयुक्त असून प्रवासात सोयीची आहे." दुसऱ्याने जे दिसलं ते सगळं लिहिलं, स्टीलची, साडेसातशे मिलीची, निळ्या झाकणाची. म्हणजे शेजाऱ्याने हिरवं झाकण लावलं की सुटला तो. आणि सराव परीक्षेत जी पहिली आली होती तिने लिहिलं होतं की "या रचनेमुळे गळती कमी होण्याची शक्यता दिसून येते, तथापि अधिक अभ्यासाची गरज आहे". आधी हसले, मग घरी जाऊन स्वतःवरच चिडले. दोष तिचा नाहीच, चार वर्षं आपण तिला हेच लिहायला शिकवलं ना.

दुसरी बॅच तोंडावर आहे. जे या धंद्यात आहेत, शिकवतात किंवा शिकतायत त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू?

---

खोडरबर

ताई, धागा आवडला. पंधरा वर्षं एजंट आहे, हाताखाली बरेच ट्रेनी आले नि गेले, त्यामुळे जरा लांबण लावतो.

कायदा पहिल्या दिवशी बंद करा. पहिल्या दिवशी पेन्सिल आणा, मागे खोडरबर असलेली. (माझ्या आयडीचं रहस्य हेच.) १८५८ साली अमेरिकेत हायमन लिपमनला याचं पेटंट मिळालं, लाकडाच्या एका टोकाला शिसं आणि दुसऱ्या टोकाच्या खोबणीत रबर. वर्गाचे दोन भाग करायचे. अर्धे लिपमनच्या बाजूने, अर्धे त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या. लिपमनवाल्यांनी क्लेम लिहायचा आणि प्रतिस्पर्ध्यांनी तो क्लेम न मोडता तीच पेन्सिल बनवून दाखवायची.

काय होतं बघा. पहिला क्लेम हमखास येतो, "लाकडी पेन्सिल जिच्या मागच्या टोकाला खोबणीत गोंदाने रबर चिकटवलेलं आहे". प्रतिस्पर्धी लगेच उठतो, मी गोंद वापरत नाही, पत्र्याची पट्टी दाबून बसवतो. सुटला. मग लिपमनवाले गोंद काढतात, "खोबणीत बसवलेलं" ठेवतात. दुसरा म्हणतो, माझ्याकडे खोबणच नाही, टोपीसारखं वरून घातलंय. सुटला. मग "लाकडी" वर गदा येते कारण प्लास्टिकची पेन्सिल. असं करत करत पोरं "जोडलेलं" या शब्दापर्यंत येतात आणि तेव्हा त्यांना कळतं की क्लेममधला प्रत्येक शब्द म्हणजे शेजाऱ्याला दिलेली एक पळवाट आहे. हे आठ आठवडे सांगून कळत नाही हो, अर्ध्या तासात हरल्यावर कळतं.

आणि मग खरी मजा. शब्द काढत काढत क्लेम एवढा रुंद झाला की आता एक्झामिनर (पेटंट ऑफिसातला तपासनीस) म्हणतो, अहो पेन्सिल जुनी, रबर जुनं, तुम्ही केलंत काय? लिपमनचं पेटंट पुढे रेकेनडॉर्फरकडे गेलं, त्याने फेबर या पेन्सिल बनवणाऱ्यावर दावा लावला आणि १८७५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पेटंटच उडवलं. पेन्सिल पेन्सिलीचं काम करते, रबर रबराचं, एकत्र आल्याने नवीन असं काही घडत नाही. आता इथे उघडा आपलं कलम ३(एफ), माहीत असलेल्या वस्तूंची नुसती मांडणी ज्यात प्रत्येक जण आपापलं जुनंच काम करतोय. ते कलम पोरं जन्मात विसरणार नाहीत. कायदा असा मागल्या दाराने आणायचा.

---

प्रयोगवही

वाचतोय, आणि घाबरतोय पण. पीएचडीचं चौथं वर्ष, मटेरियल्स. दोन प्रश्न आहेत, बाळबोध वाटले तर सोडून द्या.

एक, एलएलबी लागतं का? दोन, गाइडला हे सांगायचं कसं? मागच्या महिन्यात नुसतं विचारलं की संध्याकाळी पेटंटचा क्लास लावू का तर म्हणाले, "का रे, रिसर्च जमत नाही?" आणि घरी सांगितलं तर आत्या म्हणाली एवढं शिकून एजंट होणार, मग आमची पॉलिसी तूच काढ.

---

निळी_शाई

@प्रयोगवही, आत्याला दंडवत 😄 माझ्या सासूबाईंना पण दोन वर्षं वाटत होतं की मी विमा विकते.

एलएलबी लागत नाही. कलम १२६ बघ. भारताचा नागरिक, वय २१ पूर्ण, सायन्स, इंजिनिअरिंग किंवा टेक्नॉलॉजीची डिग्री, आणि परीक्षा पास. म्हणजे तू बीटेक झालास तेव्हाच पात्र झालास, पीएचडी संपायची वाट बघायची गरज नाही. दोन लेखी पेपर आणि मग तोंडी. पहिला पेपर कायदा आणि नियम, दुसरा ड्राफ्टिंग आणि स्पेसिफिकेशनचा (अर्जातल्या शोधाच्या लेखी वर्णनाचा) अर्थ लावणं. दोन्ही पेपरमध्ये निदान ५० टक्के आणि सगळं मिळून ६०. लोक पहिल्या पेपरची घोकंपट्टी करतात आणि दुसऱ्यात आपटतात, मी हेच माझ्या पोरांचं करून ठेवलं होतं. आणि परीक्षा दरवर्षी ठरल्या तारखेला होईलच असं धरून चालू नकोस, जाहीर झाली की मग अभ्यासाला बसू म्हणणारे बसूनच राहतात.

गाइडचं माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या गाइडने सहा महिने अबोला धरला होता. आता स्वतःच्या फायली घेऊन येतात.

@खोडरबर, पेन्सिल ढापली. धन्यवाद.

---

सुतावरून_स्वर्ग

अवांतर: आइन्स्टाइन पण पेटंट एजंटच होता ना? पोरांना मोटिव्हेशन म्हणून सांगता येईल.

---

राइनकाठ

@सुतावरून_स्वर्ग, नाही हो. तो बर्नच्या पेटंट ऑफिसात १९०२ ते १९०९ तपासनीस होता, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. खरं उदाहरण हवं तर चेस्टर कार्लसन घ्या. फिजिक्सचा पदवीधर, एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करायचा, रात्री वकिली शिकायचा, दिवसभर स्पेसिफिकेशनच्या प्रती काढून काढून वैतागला आणि त्यातून झेरॉक्सचं तंत्र शोधलं. पहिली प्रत २२ ऑक्टोबर १९३८. आणि त्याने पहिला अर्ज १९३७ मध्येच करून ठेवला होता, प्रत निघायच्या आधीच! पेटंटवाल्याची खोड जाते थोडीच.

बरं, मुद्द्याचं. मी जर्मनीत आहे, युरोपियन परीक्षेची तयारी करतोय. इकडे परीक्षेचे शेवटचे पेपर द्यायच्या आधी एखाद्या नोंदणीकृत एजंटाच्या हाताखाली साधारण तीन वर्षं काढावी लागतात, क्लास लावून भागत नाही. माझा बॉस पहिलं वर्षभर मला नवीन केस ड्राफ्ट करूच देत नव्हता. फक्त नामंजुरीची पत्रं आणि त्यांची उत्तरं. मला तेव्हा राग यायचा, आता पटतं. नवीन ड्राफ्ट कसाही लिहिला तरी त्या दिवशी कोणी ओरडत नाही, तीन वर्षांनी एक्झामिनर आणि दहा वर्षांनी कोर्ट ओरडतं. उत्तरं लिहिताना मात्र तुम्हाला दुसऱ्याने केलेली घाण निस्तरावी लागते, आणि त्यातून आपण कुठे घाण करायची नाही ते समजतं.

ताई, तुम्ही हे क्लासमध्ये करू शकता. पेटंट ऑफिसांच्या फायली जाहीर झाल्यावर ऑनलाइन सगळ्यांना बघता येतात, भारताच्या, युरोपच्या, अमेरिकेच्या पण. एक जुनी फाइल निवडा, क्लेम, एक्झामिनरचा रिपोर्ट आणि त्याने पुढे केलेली जुनी पेटंटं पोरांना द्या, अर्जदाराचं उत्तर लपवा. पोरांनी उत्तर लिहायचं. मग खरं उत्तर आणि शेवटी काय मंजूर झालं ते दाखवा. आमच्या ग्रुपमध्ये एकदा एका पोरीचं उत्तर खऱ्या एजंटापेक्षा सरस निघालं होतं, तिने एवढी बडबड केली नव्हती म्हणून.

आणि इन्व्हेंटिव्ह स्टेप (शोध जाणकाराला सहज सुचण्यासारखा नसणं) शिकवताना युरोपची पद्धत उपयोगी पडते, कुठल्याही देशात. सगळ्यात जवळचं जुनं कागदपत्र घ्या, फरक काय तो काढा, त्या फरकाने तांत्रिक परिणाम काय झाला बघा, त्यावरून प्रश्न मांडा, आणि मग विचारा की त्या क्षेत्रातल्या साध्या जाणकाराने हे केलं असतं का. इथे मराठी कामाला येतं. "करू शकला असता" आणि "केलं असतं" यातला फरक पोरांना फळ्यावर लिहून द्या. करू शकला असता हे एक्झामिनर नेहमीच म्हणणार. केलं असतं का, कशामुळे, कुठे लिहिलं होतं तसं, हे त्याला दाखवावं लागतं.

---

मामलेदार

मी या धंद्यातला नाही, महसूल खात्यातून रिटायर. तरी एक शंका. क्लेम इंग्रजीत लिहितात ना? मग मराठी माध्यमातल्या मुलांना त्रास होत नाही का?

---

निळी_शाई

काका, होतो, आणि तुम्ही समजताय त्या जागी नाही. शब्द येतात हो सगळ्यांना. अडतं ते "अ" आणि "द" वर. मराठीत आर्टिकलच नाही, त्यामुळे पोरं पेपर लिहितानाही ती मिठासारखी वरून भुरभुरतात. पेपरमध्ये चालून जातं, क्लेममध्ये नाही. कुठलाही भाग पहिल्यांदा आला की "अ", त्यानंतर प्रत्येक वेळी "द" किंवा "सेड". एका मुलाचा क्लेम जसाच्या तसा:

"अ बॉटल कम्प्रायझिंग: अ बॉडी हॅविंग अ माउथ, अ लिड हिंज्ड टु द बॉडी, अँड अ बटन, व्हेअरइन प्रेसिंग द बटन रिलीजेस द स्प्रिंग टु ओपन द लिड."

सापडलं? "द स्प्रिंग". कुठली स्प्रिंग? आधी ओळखच करून दिली नाही. एक्झामिनर लगेच लिहिणार की क्लेम स्पष्ट नाही. मी त्याला विचारलं तर म्हणतो मॅडम, बाटलीत दिसतेय ना स्प्रिंग. बाटलीत आहे रे बाबा, कागदावर नाहीये.

---

मामलेदार

अहो मग हे तर आमचंच! आयुष्यभर हेच केलं. पंचनामा वाचा. "एक इसम नामे अमुक अमुक, राहणार अमुक" आणि त्यापुढे कायम "सदर इसम". पहिल्या ओळीत नाव आलं नसेल तर "सदर" लिहिता येत नाही, वकील फाडून खातो. एका पंचनाम्यात तलाठ्याने सरळ "सदर विहिरीलगत" असं लिहिलं होतं आणि वर विहिरीचा पत्ताच नव्हता. त्या विहिरीने मला तीन तारखा फिरवलं.

तुमच्या मुलांना सांगा, द म्हणजे सदर.

---

खोडरबर

काका 🙏🙏 पंधरा वर्षं जे मला सांगता आलं नाही ते तुम्ही दोन शब्दांत सांगितलंत.

---

निळी_शाई

मी हे भिंतीवर लावणार आहे. "द म्हणजे सदर."

---

अटलांटिकपार

उशिरा आले धाग्यावर. अमेरिकेतून थोडं, कारण ताईंची काही पोरं इकडे येणारच.

इथेही एजंट व्हायला लॉ डिग्री लागत नाही. १९६३ मध्ये स्पेरी नावाच्या एका एजंटाविरुद्ध फ्लोरिडाच्या बार असोसिएशनने केस केली होती की हा वकील नसून वकिली करतो. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पेटंट ऑफिससमोरचं काम तो करू शकतो, राज्य अडवू शकत नाही. परीक्षा म्हणजे १०० प्रश्न, त्यातले ९० धरतात, ७० टक्क्यांना पास, तीन तीन तासांचे दोन भाग. पेटंट ऑफिसचं नियमांचं मॅन्युअल स्क्रीनवर उघडं असतं. ऐकून वाटतं सोपं आहे, पण ते मॅन्युअल हजारो पानांचं आहे आणि कुठे बघायचं हे पाठ नसेल तर शोधण्यातच वेळ जातो. आणि यात ड्राफ्टिंगचा प्रश्न नाहीच! त्यामुळे परीक्षा पास झालेला पण एक क्लेम न लिहिलेला माणूस इथे सर्रास भेटतो. तुमच्याकडे दुसरा पेपर आहे हे नशीब समजा.

विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांनी हे नीट वाचा. एफ-१ वर आहात म्हणून परीक्षा द्या आणि एजंट व्हा असं सरळ होत नाही. ज्या परवान्यावर तुम्ही काम करताय त्यात पेटंटचं काम करायची मुभा स्पष्ट असावी लागते, आणि ती असली तरी मिळते ती मर्यादित मान्यता, त्या नोकरी आणि व्हिसापुरती. माझ्या लॅबमधल्या एकाने आधी तयारीत सहा महिने घातले आणि मग हे वाचलं. बहुतेक जण मग टेक्निकल स्पेशालिस्ट म्हणून फर्ममध्ये लागतात, ड्राफ्ट तेच लिहितात, सही दुसऱ्याची.

---

सुतावरून_स्वर्ग

एवढी मेहनत कशाला पण? आता एआयला डिस्क्लोजर (इन्व्हेंटरने लिहून दिलेली शोधाची माहिती) दिलं की दोन मिनिटांत वीस क्लेम येतात. दोन वर्षांत हे करिअरच राहणार नाही. मुलांना उगाच का गुंतवायचं?

---

खोडरबर

येतात ना, वीस काय दोनशे येतात. त्यातले कुठले टाकायचे हे कोण ठरवणार? माझ्याकडे हल्ली इन्व्हेंटर स्वतःच असे क्लेम घेऊन येतात. परवाचे वाचले, भाषा गुळगुळीत, एक "सदर" चुकलेला नाही, आणि मूळ शोध जो होता, गरम करायच्या आधी मिश्रण थांबवून ठेवायचं, तो पहिल्या क्लेममध्ये नव्हताच. कारण इन्व्हेंटरनेच तो डिस्क्लोजरमध्ये अर्ध्या ओळीत लिहिला होता, त्याला ते महत्त्वाचं वाटलंच नव्हतं. समोर बसवून "का थांबवता?" असं तीनदा विचारल्यावर बाहेर आलं. ट्रेनिंग द्यायचं तर या विचारण्याचं द्या.

आणि दुसरं, जाहीर न झालेला शोध कुठल्यातरी फुकट चॅटबॉटमध्ये चिकटवायचा नाही. गोपनीयता हा पहिला धडा. ट्रेनीला खरी फाइल दाखवायच्या आधी सही घ्या.

---

रसायनी

इतका वेळ गप्प होते पण गोपनीयतेवरून राहवलं नाही. @खोडरबर, कायदा पहिल्या दिवशी बंद करा हे मला पटत नाही. सगळा नाही, पण एक गोष्ट पहिल्याच तासाला हवी आणि ती म्हणजे नाविन्य कशाने जातं.

आमच्याकडे घडलेलं सांगते, संस्थेचं नाव विचारू नका. एका मुलीचं काम खरंच चांगलं होतं, कोटिंगचं. प्रोव्हिजनल (तारीख धरून ठेवणारा पहिला, तात्पुरता अर्ज) फाइल करायचं ठरलं, ड्राफ्ट माझ्याकडे होता. मी फाइल करायच्या तीन आठवडे आधी ती एका कॉन्फरन्सला पोस्टर घेऊन गेली, आणि पोस्टरसमोर उभं राहून फोटो काढून टाकला की ग्रुपवर, सोशल मीडियावर, सगळीकडे. फोटोत रेसिपीचा तक्ता वाचता येत होता, टक्केवारीसकट. मला कळलं ते तिला बेस्ट पोस्टरचं बक्षीस मिळालं म्हणून अभिनंदनाचा मेल आला तेव्हा. मी अभिनंदन लिहिलं आणि डोकं धरून बसले.

अमेरिकेत इन्व्हेंटरने स्वतः जाहीर केलं तर वर्षाची सूट मिळते, म्हणून तिथे वाचलो. युरोप गेलं, तिथे अशी सूट नाहीच जवळजवळ. आपल्याकडे कलम ३१ आहे पण ते ठराविक प्रदर्शनं, विद्वत्सभेपुढे वाचलेला पेपर अशा अरुंद खिडक्यांचं, सोशल मीडियावरचा फोटो त्यात कुठे बसवणार? आणि त्या मुलीने पेटंटचा क्लास केला होता! कलम ३ पाठ होतं तिला. फाइल करेपर्यंत तोंड उघडायचं नाही एवढंच कोणी सांगितलं नव्हतं.

शिवाय परदेशात आधी फाइल करायची घाई असते त्यांना कलम ३९ सांगाच, भारतात राहणाऱ्याने परवानगी घ्यायची किंवा आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं. हे चुकलं तर नुसतं पेटंट जाऊन भागत नाही, शिक्षेची तरतूद आहे.

---

खोडरबर

मान्य. शब्द मागे घेतो. पहिला तास गप्प बसायचा, दुसरा पेन्सिलीचा.

---

रसायनी

😀 आणि एक राहिलं. फार्मा, केमिस्ट्रीच्या पोरांची एक ताकद आहे ती वापरा. ३(डी) घ्या, जुन्याच पदार्थाचं नवं रूप असेल तर परिणामकारकता वाढलेली दाखवावी लागते. १ एप्रिल २०१३ च्या नोव्हार्टिस निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की औषधाच्या बाबतीत ती उपचारातली परिणामकारकता. वकिलाला हे वाक्य पाठ असतं. पण इन्व्हेंटरच्या डेटाकडे बघून "अहो, याची तुलना जुन्या क्षाराशी केलेलीच नाही, कंट्रोल कुठाय?" हे पटकन ज्याने चार वर्षं बेंचवर काढली त्यालाच दिसतं. आणि ते फाइल करायच्या आधी दिसायला हवं, एफईआर (एक्झामिनरचा पहिला रिपोर्ट) आल्यावर दिसून काय उपयोग, मुलगी पास होऊन गेलेली असते आणि सॅम्पल फ्रीजमधून कोणीतरी फेकलेलं असतं.

---

राइनकाठ

+१. माझ्याकडे "सॅम्पल फेकलं" ही केस दोनदा झालीय.

---

प्रयोगवही

प्रायर आर्ट सर्चबद्दल (हे आधी कोणी केलंय का ते शोधणं) कोणी काही बोललंच नाही. ते सोपं असतं का? मला वाटायचं गूगल स्कॉलरवर शोधतो तसंच.

---

अटलांटिकपार

सोपं 😂

रिसर्चवाले शब्दांनी शोधतात आणि दहा चांगले पेपर सापडले की थांबतात. पेटंटमध्ये लोक मुद्दाम साधे शब्द टाळतात. बॉल लिहित नाहीत, "गोलाकार क्रीडासाधन" लिहितात. म्हणून वर्गीकरणाने शोधायला शिकवायचं. वर खोडरबर यांची पेन्सिल आहे ना, लिहायच्या साधनांचा वर्ग बी४३के. एस्पेसनेट या युरोपियन पेटंट ऑफिसच्या शोधसाइटवर त्या वर्गात उतरायचं आणि चित्रं चाळायची, नुसती चित्रं, वाचायचं पण नाही सुरुवातीला. एक जुनं पेटंट सापडलं की त्याने कोणाचा दाखला दिला आणि त्याचा पुढे कोणी दिला हे दोन्हीकडे बघायचं.

आणि पेटंटच्या बाहेर पण बघायचं. हळदीचं उदाहरण सांगा पोरांना. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्यावर पेटंट दिलं गेलं. सीएसआयआरने (आपल्या सरकारी संशोधन परिषदेने) ते आव्हानलं, ३२ संदर्भ दिले, संस्कृत ग्रंथ, १९५३ चा एक वैद्यकीय जर्नलमधला लेख, असं काय काय, आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. प्रत्येक घरात माहीत होतं ही गोष्ट तिथे पुरेशी नव्हती, छापील कागद लागला. ट्रेनीला हेच समजायला जड जातं, "हे तर सगळ्यांना माहीत आहे" म्हणतो आणि एक तारीख असलेला कागद देत नाही.

---

मामलेदार

तारीख असलेला कागद. चला, म्हणजे माझी नोकरी फुकट गेली नाही.

---

निळी_शाई

सगळ्यांचे आभार, बॅच परवापासून सुरू. पहिला तास गप्प बसायचा. मग दोन आठवडे पेन्सिल, बाटली, कपड्यांचा चिमटा, छत्री, रोज एक वस्तू, रोज एक क्लेम, आणि दुसऱ्याने तो फोडायचा. मधे जुन्या फायली. कलमं जशी अडतील तशी. शेवटचे तीन आठवडे परीक्षेची घोकंपट्टी, ती टळत नाही.

एक गोष्ट अजून सुटत नाहीये, इन्व्हेंटर कोण हा प्रश्न. पोरं विचारतात की पेपरवर सरांचं नाव असतं तसं अर्जावर पण टाकायचं का. मी सांगते की शोधात ज्याचं डोकं आहे त्याचंच नाव, पैसे आणले किंवा मशीन दिलं म्हणून कोणी इन्व्हेंटर होत नाही, आणि अमेरिकेत तर चुकीच्या नावांमुळे पेटंट अडचणीत येतं. मान डोलावतात. मग लॅबमध्ये परत जातात. त्यांचा प्रबंध कोणाच्या हातात आहे ते मलाही माहीत आहे. यावर कोणाकडे शहाणपण असेल तर सांगा, माझ्याकडे नाही.

---

खोडरबर

माझ्याकडे पण नाही. मी प्रत्येकाला एकट्याला वेगळं बसवून विचारतो, कुठल्या क्लेममध्ये तुमचं काय? आणि कागदावर लिहून घेतो. काही सर स्वतःच म्हणतात, नको, माझं नाव काढा. सगळे नाही.

---

प्रयोगवही

ताई, मी तुमच्या बॅचला नाहीये पण आज रात्री कपड्यांच्या चिमट्यावर क्लेम लिहून पाहिला. मराठीतच लिहिला, हसू नका.

"एक पकडसाधन, ज्यामध्ये: एक पहिली भुजा, एक दुसरी भुजा, आणि सदर दोन्ही भुजांच्या मध्ये बसवलेली एक स्प्रिंग, जी सदर भुजांची पुढची टोकं एकमेकांवर दाबून धरते, आणि जेथे सदर मागची टोकं दाबली असता सदर पुढची टोकं उघडतात."

---

राइनकाठ

लाकूड नाही, प्लास्टिक नाही, कपडे पण नाहीत. छान आहे की.

---

मामलेदार

पण सदर मागची टोकं कुठून आली?

---

प्रयोगवही

अरे देवा.